पाणी कुठल्या अंगाला जातं

नवीन पनवेलच्या कॉलनीत फ्रिज बिघडला की लोक आधी कंपनीला फोन करायचे, आणि कंपनीचा माणूस आठ दिवस फिरकला नाही की मुकाट्याने महादेव म्हात्रेला बोलावणं धाडायचे. महादेव सायकलवरून यायचा. कॅरिअरला पत्र्याची पेटी, हँडलला अडकवलेलं दाराच्या रबराचं वेटोळं, आणि चेहऱ्यावर आत्ताच झोपेतून उठल्यासारखे भाव. ही त्याची झोप कॉलनीतल्या बायकांच्या चांगली ओळखीची होती. फ्रिजवर हात ठेवून तो मधेच कुठेतरी निघून जायचा. डोळे उघडे, पाना हातात, आणि माणूस जाग्यावर नाही. "महादेवची समाधी लागली," असं म्हणून बायका चहाचा कप त्याच्या बाजूला ठेवायच्या. चहावर साय धरेपर्यंत तो परत यायचा आणि नेमका बिघाड काढून दाखवायचा. कामाला माणूस सोन्यासारखा होता, याबद्दल कॉलनीत दुमत नव्हतं.

तो कुठे जायचा हे मात्र त्याला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो लाजला असता, कारण तो काही फार लांब जात नसे. तो फरशीखाली जायचा.

कॉलनी उभी होती तिथे महादेवच्या लहानपणी भाताची खाचरं होती. बांधावरून पळत सुटलं तर अर्धा तास पळता यायचं आणि पाय सुके राहायचे. तो सतरा वर्षांचा असताना सरकारने नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या. बांध मोडले, ट्रकांनी भराव आणून टाकला, रोलर फिरले. महादेव आयटीआयला गेला, फ्रिजचं काम शिकला, मुंबईच्या एका वर्कशॉपमध्ये दहा वर्षं घासली, आणि परत येतो तर शेतांच्या जागी इमारती आणि इमारतींत फ्रिज. बापाने जिथे भात लावला त्याच जमिनीवर पोरगा लोकांचा बर्फ जमवत फिरू लागला. याचं त्याला वाईट वाटायचं अशातला भाग नाही. उलट कॉलनी त्याला आवडायची. तिथली मोझॅकची फरशी तर फारच आवडायची. गावठाणातल्या घरात भुई सारवलेली, कुठे उंच कुठे सखल, ताटातली आमटी सुद्धा एका कडेला जायची. इथे सगळं कसं सपाट! रोलर फिरवणाऱ्यांनी एकदा सपाट केलं ते कायमचं सपाट झालं, अशी त्याची पक्की समजूत होती. फ्रिज उघडायच्या आधी तो फरशी कधी बघत नसे, ते याचमुळे.

मनाला लागून राहिलेली गोष्ट एकच होती. ती त्याच्या आईची होती.

आईचं नाव गोदू. म्हात्र्यांच्या घरात एक रीत होती. भात कापून झालं की नवा दाणा घरात आणण्याआधी घरची बाई बांधाच्या तोंडाशी जायची. बांधाचं तोंड म्हणजे शेतातली सगळ्यात सखल जागा, जिथून जास्तीचं पाणी बाहेर पडतं. तिथे तांब्याभर पाणी ओतायचं, पाणी आपल्या वाटेला लागलं की नारळ फोडायचा आणि मागे वळून न बघता घरी यायचं. गोदूने लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकवलं नव्हतं. ज्या वर्षी जमीन गेली त्या वर्षी पीक उभं होतं आणि नारळ राहिला. त्याला आता एकवीस वर्षं झाली होती.

गोदूने त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. पण १९९३ च्या होळीनंतर ती दोनदा चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जपा. घरी आल्यावर तिने महादेवचा हात धरला.

"मना एकदा त्या तोंडाशी ने. नारळ राहिलाय."

उभ्या जन्मात बाईने लेकाकडे एवढंच मागितलं. महादेव लगेच हो म्हणाला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपलं शेत कुठे होतं हे आपल्यालाच माहीत नाही. झाडं गेली होती, ओढा बुजला होता, सगळ्या इमारती एकाच आईची लेकरं असल्यागत दिसत होत्या. जुना कागद घेऊन तो सरकारी कचेरीत गेला. तिथल्या बाबूने नकाशा उभा धरला, आडवा धरला, उलटा धरला, आणि "असेल कुठेतरी पाण्याच्या टाकीपासून बगिच्यापर्यंत" असं सांगून घडी घातली. टाकीपासून बगिच्यापर्यंत चाळीस इमारती होत्या.

मग महादेवने एक वाईट गोष्ट केली. मे महिन्यातल्या एका सकाळी त्याने आईला रिक्षात बसवलं, बगिच्याच्या कोपऱ्याशी आणलं आणि म्हणाला, "हेच, आय."

गोदू उतरली. चपला काढल्या. पिशवीतून तांब्या काढून पाणी ओतलं. पाणी जरा वेळ तिथेच बसलं आणि मग रस्त्याच्या गटाराकडे निघालं. गोदूने ते शेवटपर्यंत पाहिलं. मग लेकाकडे पाहिलं.

"नाय रं. आपलं पानी कर्नाळ्याच्या सुळक्याकडं जायाचं."

एवढंच बोलून तिने नारळ परत पिशवीत ठेवला. रागावली नाही, रडली नाही, रिक्षात बसून राहिली. महादेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईचे पाय चालताहेत तोवर खरी जागा शोधायची, असं त्याने त्या रिक्षातच ठरवलं. पण कशी शोधायची, ते काही सुचेना.

आता दुसरीकडे शशिकला वैद्यांच्या फ्रिजने सहा-सात महिने उच्छाद मांडला होता.

शशिकलाबाई दादरच्या. लग्नाआधी शिकवण्या घेऊन त्यांनी हा फ्रिज घेतला होता, फिकट हिरवा, दाराला किल्ली असलेला. लग्नात तो त्यांच्याबरोबर आला आणि मग तळमजल्यावरच्या या घरातही आला. यजमान गुरुदत्तराव फोर्टातल्या बँकेत. घर आरशासारखं लख्ख. शशिकलाबाईंच्या कमरेला पदराबरोबर एक फडकं कायम खोचलेलं असे. जमिनीवर पाण्याचा थेंब पडला की तो आपणहून सुकायची वाट त्यांनी आयुष्यात कधी बघितली नव्हती. अशा बाईच्या फ्रिजमध्ये गुढीपाडव्यापासून पाणी साचू लागलं. भाजीच्या खालच्या ट्रेखाली सकाळी तळं. कोथिंबीर कुजायची, मिरच्या पोहायच्या, आणि दार उघडलं की पाणी थेट पायांवर.

महादेव तीनदा येऊन गेला होता. पहिल्या खेपेला त्याने मागच्या भिंतीतलं भोक साफ केलं. फ्रिजमधला बर्फ वितळला की पाणी मागच्या भिंतीवरून ओघळतं, तळाच्या पन्हाळीत येतं आणि त्या भोकातून बाहेरच्या ताटलीत पडतं. तिथे कॉम्प्रेसरच्या उष्णतेने ते वाळून जातं. भोकात तार घातली, गरम पाणी सोडलं, दाण्याएवढा मळ निघाला. चार दिवसांत पुन्हा तळं. दुसऱ्या खेपेला दाराचं रबर बदललं. तिसऱ्या खेपेला बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे चिरलेला दिसला, तोही नवा घातला. पुन्हा तळं. कॉलनीत महादेवच्या हातून न सुटलेला हा पहिला फ्रिज.

"दिवाळीला एक्स्चेंजमध्ये काढून टाकू," गुरुदत्तरावांनी जाहीर केलं होतं. टेप घेऊन त्यांनी नव्या फ्रिजसाठी जागाही मोजून ठेवली होती. ते टेप लावत होते तेव्हा शशिकलाबाई जुन्या फ्रिजचं दार पुसत उभ्या राहिल्या.

दसऱ्यानंतरच्या एका दुपारी महादेव चौथ्यांदा आला. ऊन टळटळीत होतं. स्वयंपाकघराचं मागचं दार वाऱ्यासाठी सताड उघडं होतं. त्या दाराला उंबरठा नव्हता. बाहेर पायरी, तुळशीची कुंडी आणि पलीकडे दोन इमारतींमधली फट.

"महादेव, तुमचं काही चुकतंय असं मी म्हणत नाही," शशिकलाबाई म्हणाल्या. "पण आता माझाही जीव मेटाकुटीला आलाय. हॉलमध्ये होता तेव्हा बारा वर्षांत एक थेंब सांडला नाही हो याने."

महादेवने पेटी खाली ठेवली. "हॉलमध्ये होता?"

"म्हणजे काय! दारातून आलेल्याला दिसायला नको? पाडव्याला कलर टीव्ही आणि शोकेस आलं, म्हणून याला आत ढकललं."

"वहिनी, हे आधी सांगायचं नाय का?"

"तुम्ही विचारलंत कुठे? आणि घरातल्या घरात तर हलवलाय. मुंबईला थोडाच पाठवला होता!"

महादेवने भाजीचा ट्रे बाहेर काढला. पेलाभर पाणी घेतलं आणि मागच्या भिंतीवरून हळूच सोडलं. पाणी ओघळून तळाशी आलं, भोकाच्या तोंडाशी क्षणभर थांबलं, आणि वळून पुढे निघालं. अगदी सरळ, आपल्याला कुठे जायचंय ते ठाऊक असल्यासारखं. दाराच्या कडेवरून ते खाली टपकलं. शशिकलाबाईंचा हात फडक्याकडे गेला.

"थांबा, वहिनी. पुसू नका."

तो जमिनीवर आडवा झाला आणि गाल फरशीला लावला. फ्रिजच्या स्टँडखालून काय दिसतंय ते बघायला म्हणून झोपला, आणि तसाच राहिला. शशिकलाबाईंनी ओळखलं. त्यांनी चहा करून त्याच्या डोक्याशी ठेवला आणि आवाज न करता हॉलमध्ये जाऊन बसल्या.

फरशी गार होती. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर पाण्याचा एक ओघळ चालला होता. त्याला घाई नव्हती. मोझॅकच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांवरून तो एकेक इंच पुढे सरकत मागच्या दाराकडे निघाला होता. फरशी सपाट नव्हती. बोटभर का होईना, उतरत होती. महादेव हे बघत राहिला आणि हळूहळू फरशी पातळ झाली. खाली चिखल होता, घोट्यापर्यंत मऊ. चिखलात भाताची खुंटं होती, आणि खुंटांमधून बोटाएवढ्या मासळ्या सुळकन पळत होत्या. भाताचा ओला वास आला, अगदी खरा. बाप वरच्या बांधावर बसून विडी ओढत होता. आई गुडघ्यावर लुगडं खोचून तांब्या घेऊन येत होती, तरणीताठी, दातांत पदर धरलेली. आणि सात-आठ वर्षांचा महादेव बांधावर पालथा पडून, गाल मातीला लावून, पाणी तोंडातून बाहेर कसं पडतं ते बघत होता. रोलर फिरले, भराव पडला, इमारत चढली, माणसं राहायला आली, फ्रिज आले, आणि खालची जमीन आपली होती तशीच पडून होती. इतकी वर्षं तिला कुणी सपाट करू शकलं नव्हतं.

ओघळ दाराशी पोचला आणि पायरीवर उतरला. महादेवची नजर त्याच्याबरोबर बाहेर गेली, तुळशीच्या कुंडीवरून, दोन इमारतींच्या फटीतून. फटीत कर्नाळ्याचा सुळका उभा होता. बांधावर पालथं पडलं की दिसायचा तसाच, अंगठा वर केल्यासारखा, निळा.

या स्वयंपाकघरात तो तीनदा येऊन गेला होता. तीनदा उभ्याने काम केलं होतं, बाहेर पाठ करून.

शशिकलाबाई आल्या तेव्हा चहावर साय धरली होती आणि महादेव उठून बसला होता. डोळे लाल होते. त्यांना वाटलं, धूळ गेली असेल.

"वहिनी, फरशीचे दोन तुकडे मिळतील?"

माळ्यावर उरलेल्या फरश्या होत्या. त्याने हातोडीने दोन सारखे तुकडे काढले, फ्रिज मागे रेलवून धरला आणि स्टँडच्या पुढच्या पायांखाली एकेक सरकवला. पुन्हा पेलाभर पाणी सोडलं. पाणी भिंतीवरून ओघळलं, पन्हाळीत आलं आणि निमूटपणे भोकात गेलं. मागून ताटलीत थेंब पडल्याचा आवाज आला, मग दुसरा, मग तिसरा.

"एवढंच?" शशिकलाबाई म्हणाल्या. आनंदाने त्यांचा आवाज चढला होता. "सात महिने मी या पाण्याशी झगडतेय आणि एवढंच होतं?"

"तुमची जमीन या अंगाला उतरतेय, वहिनी. माझंच चुकलं. इमारतीतली फरशी म्हणजे सपाटच असणार, असं मी धरून चाललो."

तो पेटी आवरेना. पाना आत ठेवला, पुन्हा बाहेर काढला.

"वहिनी, एक मागू? माझ्या आयला एकदा तुमच्या स्वयंपाकघरात घेऊन येऊ?"

मग त्याने सगळं सांगितलं. बांधाचं तोंड, राहिलेला नारळ, आणि बगिच्यातली लबाडी सुद्धा. ती सांगताना त्याने मान वर केली नाही. शशिकलाबाई स्टुलावर बसून ऐकत होत्या. बारा वर्षं त्या या फरशीवर वावरल्या होत्या आणि तिच्याखाली कुणाचं काही असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांना एकदम परक्याच्या घरात बसल्यासारखं वाटलं.

"पण तेच आहे कशावरून?" त्यांनी हळूच विचारलं.

"मना तरी तसं वाटतंय. खरं काय ते आय सांगेल. आणि ती नाय म्हणाली तर नाय." एवढं बोलून महादेव उठला. या खेपेला आई नाही म्हणाली तर तिसऱ्यांदा तिला कुठे न्यायचं, हे त्याच्याजवळ नव्हतं, आणि तिच्याजवळही तेवढे दिवस असतील असं त्याला वाटत नव्हतं.

रविवारी सकाळी गुरुदत्तराव पेपर वाचत असताना रिक्षा आली. महादेवने आईला जवळजवळ उचलूनच पायऱ्या चढवल्या. गोदू एवढीशी झाली होती. अंगावर नवं, धुतलेलं लुगडं, हातात पिशवी. तिने दाराबाहेर चपला काढल्या आणि कलर टीव्हीकडे, शोकेसकडे ढुंकूनही न बघता भिंत धरत धरत आत गेली. स्वयंपाकघरात आल्यावर फ्रिजपुढे थांबली. फ्रिज गुरगुरत होता.

"ह्यानं सांगितलं तुना?" तिने महादेवला विचारलं.

"हां, आय."

"बरा हाय." तिने फ्रिजच्या दारावरून हात फिरवला, गोठ्यातल्या जनावरावरून फिरवावा तसा. मग पिशवीतून तांब्या काढला. महादेवने तिला पाणी भरून दिलं.

मागचं दार उघडं होतं, पण गोदूने बाहेर पाहिलं नाही. तिने मुद्दामच पाहिलं नाही. एकदा फसलेली बाई होती ती. खाली मान घालून तिने तांब्या कलता केला आणि सगळं पाणी फरशीच्या मधोमध ओतलं.

पाणी गोल पसरलं आणि थांबलं. फार वेळ थांबलं असं महादेवला वाटलं. मग त्या गोलाला एक टोक फुटलं. टोक जरा डावीकडे झुकलं, पुन्हा सरळ झालं आणि मागच्या दाराच्या दिशेने चालू लागलं. गोदू त्याच्या मागोमाग निघाली, त्याच्याच चालीने, एकेक पाऊल टाकत. पाणी पायरीवर उतरलं तेव्हा ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि तिने पहिल्यांदा मान वर केली. समोर सुळका होता.

मग तिने मागे न बघताच हात मागे केला आणि महादेवचं मनगट पकडलं.

"हाय," ती म्हणाली. "हितंच हाय रं."

महादेव त्या पायरीवर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. गोदू रडली नाही. तिला काम होतं. तिने पिशवीतून नारळ काढला, कपाळाला लावला, आणि पायरीच्या कडेवर इतक्या जोरात आपटला की हॉलमधून गुरुदत्तराव पेपर टाकून धावत आले.

"अगं, काय झालं? आणि हे पाणी? स्वयंपाकघरभर पाणी झालंय!"

शशिकलाबाईंच्या हातात फडकं होतं. ते कमरेचं कधी सुटून हातात आलं, त्यांनाही कळलं नव्हतं. गोदूने ओतलेल्या पाण्याची धार अजून सरकत होती, आणि त्या नेमक्या तिच्या वाटेत उभ्या होत्या. त्यांनी खाली पाहिलं. फडकं पुन्हा कमरेला खोचलं, साडी थोडी वर धरली आणि त्या बाजूला झाल्या.